मेगरचं बटण सोडल्यानंतर

विहिरीवरची मोटर जळाली म्हणून शेतकरी आमच्या रिवाइंडिंगच्या दुकानात घेऊन येतो, तेव्हा पान्याआधी मी मेगर काढतो. तारांवरचं इन्सुलेशन शाबूत आहे की करंट बॉडीत झिरपतोय, हे तोच सांगतो. मल्टिमीटरच्या छोट्या बॅटरीला ओल धरलेलं वाइंडिंगही ठणठणीत वाटतं. मेगर ५०० व्होल्ट डीसी सोडतो, त्यामुळे खरं काय ते बाहेर येतं.

आमच्याकडे हँडलचा जुना मेगर अजून आहे. मिनिटाला साधारण १६० फेरे दिले की काटा आधी खाली असतो, मग हळूहळू वर चढतो. म्हणूनच रीडिंग पूर्ण एक मिनिटानं घ्यायचं. ४१५ व्होल्टच्या मोटरला एक मेगओहमच्या आत आलं तर ती मी चालू करू देत नाही.

काटा चढतो, कारण इन्सुलेशन चार्ज शोषून घेत असतं. बटण सोडलं तरी तो चार्ज आत राहतो. दुकानातल्या छोट्या मोटरला झटक्यावर भागेल, पण लांब केबलची गोष्ट वेगळी. ११ केव्हीची काही किलोमीटर केबल ५००० व्होल्टच्या मेगरनं तपासली, तर ती मोठा कपॅसिटरच होते. मेगर स्वतः एक-दोन मिलिअँपियरच देतो. पण एक मायक्रोफॅरड केबलमध्ये साडेबारा ज्यूल साठतात आणि हात लावला की ते एका क्षणात अंगातून जातात. तेवढे जीव घ्यायला पुरतात.

बरं, डिस्चार्ज रॉड एकदा टेकवून काम होत नाही. वरवरचा चार्ज जातो, रॉड काढला की आत मुरलेला पुन्हा टोकावर येतो. म्हणून टेस्ट जितका वेळ चालली, त्याच्या निदान चार-पाच पट वेळ केबल अर्थ करून ठेवायची. दहा मिनिटांच्या टेस्टला पाऊण तास लागतो. घाई असते ती इथेच, आणि माणसं जातात तीही इथेच.

शेतात धोका मेगर लावण्याआधी असतो. "लाइट गेलीय, आता काय होतंय?" हे वाक्य मला सगळ्यात नकोसं वाटतं. स्टार्टरला ऑटो स्विच असतो. लाइट आली की मोटर आपोआप फिरते. लाइट गेलेली असताना सप्लाय नाही हे तपासून काय उपयोग? मेन पाडायचा, किटकॅट फ्यूज काढायचे आणि आपल्याच खिशात ठेवायचे. लाइट असेल तर मीटर आधी चालू फेजवर तपासायचा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू फेजवर. मीटरच बंद असला तर तो सगळीकडे शून्यच दाखवणार. मेगर लावण्याआधी मोटरच्या वायरी स्टार्टरपासून सोडवायच्या.

लांब केबल तपासताना तिच्या दुसऱ्या टोकालाही तेच ५००० व्होल्ट असतात. तिथे आपला माणूस फोन घेऊन उभा पाहिजे, कुणाला जवळ येऊ न देणारा. ठेकेदार नेमकी त्याचीच मजुरी वाचवायला बघतात. अशा साइटवर मी आमच्या पोरांना मेगर पेटीबाहेर काढू देत नाही; दुसरा माणूस येईपर्यंत थांबा म्हणतो, दिवस मोडला तरी चालेल.