कंट्रोल कुणाच्या हातात?

सोमवार ते शुक्रवार आपला रिमोट बॉसच्या हातात. खरं की नाही? मग शनिवारी रात्री मित्रांचा अड्डा जमतो, टीव्हीसमोर सतरंजी पसरली जाते आणि सगळ्यांची भांडणं एकाच गोष्टीवरून... ‘ए, चांगला कंट्रोलर मला दे!’ कारण दुसऱ्याची स्टिक बिघडलेली असते. हात न लावताच आपला प्लेयर डावीकडे चालायला लागतो. या आजाराचं नाव ‘ड्रिफ्ट’. आणि त्यावरचा आपला फेव्हरेट उपाय म्हणजे नवीन कंट्रोलर. पाच-सहा हजारांना फोडणी!

पण थांबा. खिशात हात घालण्याआधी त्या डबड्याच्या पोटात काय आहे ते तरी बघूया.

एक नॉब, एक बटण

1958 साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने ‘टेनिस फॉर टू’ हा गेम बनवला. त्याच्या कंट्रोलरवर फिरवायला एक नॉब आणि चेंडू मारायला एक बटण, बस्स. 1982 मध्ये निन्तेन्दोच्या गुन्पेई योकोई यांनी अधिकच्या चिन्हासारखं बटण आणलं आणि अंगठ्याला नवी नोकरी लागली. त्याच घराण्यातल्या ‘फॅमिकॉम’च्या नकला आपल्याकडे नव्वदीत घराघरांत पोचल्या. मारिओ आणि काँट्रासाठी भावाशी झालेली मारामारी आठवतेय ना? पुढे 1997 च्या सुमारास प्लेस्टेशनच्या ड्युअलशॉकने हातात थरथर आणली, तर 2006 च्या ‘वी’ने चक्क सोफ्यावरून उठवून नाचवलं.

मॉडेलं बदलली, पण बेसिक फंडा फारसा बदलला नाही. बटण म्हणजे स्विच. बऱ्याच पॅडमध्ये रबराखाली कार्बनचा काळा ठिपका असतो. बटण दाबलं की तो सर्किटवरच्या दोन पट्ट्या जोडतो. स्टिकखाली दोन पोटेन्शियोमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारा नॉब आठवा. अगदी तेच!

ड्रिफ्ट का होतो, बॉस?

आता शाळेतलं थोडं फिजिक्स. स्टिक सरकते तसं व्होल्टेज बदलतं. आर्डुइनो उनोसारख्या हॉबी बोर्डाला ती जोडली, तर हे व्होल्टेज 0 ते 1023 अशा आकड्यात दिसतं. स्टिक मध्यभागी असताना आकडा 512 च्या आसपास. पण आतला पट्टा घासला, धूळ बसली की स्टिक मध्यभागी असूनही आकडा भलतीकडे जातो. गेमला वाटतं, तुम्हीच ढकलताय. बिचारा प्लेयर निघाला डावीकडे!

म्हणूनच आता ‘हॉल इफेक्ट’ स्टिकची चर्चा आहे. त्यात चुंबक आणि सेन्सर असतो, दोघांचा एकमेकांना स्पर्शच नाही. त्यामुळे घासण्याचा प्रश्न मिटतो. एडविन हॉल यांनी हा परिणाम 1879 मध्ये शोधला आणि सेगाच्या ड्रीमकास्टने 1998 मध्येच तो कंट्रोलरमध्ये वापरला होता. म्हणजे आयडिया नवी नाही, फक्त आपल्यापर्यंत यायला वेळ लागला.

लॅमिंग्टन रोड, झिंदाबाद

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. शनिवारी मॉलऐवजी इथे एक चक्कर मारा. स्टिक, बटणं, वायरी, सोल्डरिंग गन, सगळं मिळतं. आर्डुइनोचा जन्म 2005 मध्ये इटलीतल्या इव्रिया गावात झाला, तोही इंजिनीअर नसलेल्यांना सर्किट जमावं म्हणून. त्यामुळे ‘मी तर कॉमर्सवाला’ ही सबब चालणार नाही! त्यातला ‘लिओनार्डो’ बोर्ड तर भारीच. यूएसबीला लावला की पीसीला तो कीबोर्ड किंवा माउस वाटू शकतो.

आणि इथे खेळ संपून खरी गंमत सुरू होते. समजा, घरात आजोबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय. एक हात चालत नाही, माउस धरता येत नाही. लिओनार्डोला तळहाताएवढं एक बटण जोडा, दहा-पंधरा ओळींचा प्रोग्रॅम टाका. बटण दाबलं की ‘स्पेस बार’ दाबला जातो. आता नाट्यसंगीत केव्हा सुरू आणि केव्हा बंद, हे आजोबा ठरवणार. प्रत्येक वेळी कुणाला हाक मारायची गरज नाही.

मोठ्या कंपन्यांनाही हे उशिरा सुचलं. मायक्रोसॉफ्टने 2018 मध्ये ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ आणला. पुढे दोन मोठी बटणं, मागे साध्या हेडफोनच्या पिनेएवढे 19 सॉकेट. त्यात कोपराने, पायाने किंवा हनुवटीने दाबायचा स्विच लावता येतो, अगदी घरी बनवलेलाही. 2023 मध्ये सोनीचा ‘अॅक्सेस’ आला. त्याआधीची कितीतरी वर्षं बहुतेक कंट्रोलर दोन धडधाकट हात, दहा बोटं गृहीत धरूनच बनत होते. ज्यांच्याकडे ती नव्हती, त्यांनी फक्त बघत बसायचं.

हे ट्राय कराच

- वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, आधी क्लेम करा.
- सेटिंगमध्ये ‘डेड झोन’ थोडा वाढवून बघा. किरकोळ ड्रिफ्ट झाकला जातो.
- आयसोप्रोपाइल अल्कोहोलने साफसफाई करा, पण कंट्रोलर बंद ठेवून.
- स्टिक बदलायला सोल्डरिंग लागतं. पहिला हात जुन्या, मेलेल्या पॅडवर साफ करा.

आणि तो मेलेला पॅड कचऱ्यात टाकू नका, मंडळी. त्यातली चार बटणं अजून जिवंत असतील. कुणाच्या तरी हाताला ती हवी आहेत.