डब्यातले जंत

माशात जंत दिसला की पहिला संशय पाण्याच्या घाणीवर. अलास्काच्या सॅमनची साक्ष मात्र वेगळी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नताली मॅस्टिक आणि चेल्सी वूड यांच्या चमूने १९७९ ते २०२१ या काळातले सॅमनचे १७८ डबे फोडले. दर्जा तपासणीसाठी राखून ठेवलेले, मुदत केव्हाच उलटलेले. चिमट्याने मांस सोडवत सेंटीमीटरभर लांबीचे, शिजून मेलेले अ‍ॅनिसाकिस गटातले जंत मोजले. सॅमनच्या चार जातींपैकी पिंक आणि चम या दोहोंत ते वर्षांगणिक वाढलेले निघाले. हा जंत आधी कोळंबीसारख्या क्रिलमध्ये, मग माशात आणि अखेर सील-देवमाशाच्या पोटात पोचला तरच त्याचा वंश वाढतो. तेव्हा त्याची वाढ म्हणजे अन्नसाखळी शाबूत असल्याची खूणच. अमेरिकेने १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांना कायद्याचे संरक्षण दिले, त्याच्याशीही हे जुळते.

पाणी तापल्यानेही जंत वाढू शकतील, आणि कोहो व सॉकाय जातींत वाढ का नाही, हे आक्षेप रास्तच. डबाबंद करतानाच्या उष्णतेने जंतांची नेमकी प्रजात ओळखू येत नाही, त्यामुळे कारणाचा निकाल लागत नाही. पण साखळीतला एकही दुवा निखळला असता, तर ही वाढ दिसलीच नसती. राहिला खवय्यांचा प्रश्न: शिजलेला जंत निरुपद्रवी, कच्च्या माशातला जिवंत मात्र पोटात कळा आणतो.