रिकाम्या फ्रेमची साक्ष

19 मे 2023 ला वैशाख अमावास्या होती. त्या रात्री जपानमधले ज्येष्ठ हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना मेसिए 101 या दीर्घिकेच्या ताज्या फोटोत एक ठिपका दिसला, जो आधीच्या फोटोंत नव्हता. ही दीर्घिका सप्तर्षींच्या शेपटाजवळ आहे. वसिष्ठ आणि मरीची हे दोन तारे धरले की तिच्याशी त्रिकोण जुळतो. ठिपक्याची प्रत (आकडा जितका मोठा, तितकं तेज कमी) होती 14.9, म्हणजे नुसत्या डोळ्यांना कसाबसा दिसणाऱ्या ताऱ्याहूनही काही हजार पट मंद. सुमारे दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षांवरचा एक महाकाय तारा फुटला होता. एसएन 2023आयएक्सएफ हे नाव मिळालेला तो सुपरनोव्हा आठवडाभरात अकराव्या प्रतीपर्यंत उजळला. इतागाकींच्या नावावर दीडशेहून अधिक सुपरनोव्हा आहेत, त्यामुळे हा मान त्यांना मिळाला यात नवल नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढच्या काही दिवसांत घडलेलं. बातमी पसरताच देशोदेशींच्या हौशी छायाचित्रकारांनी आपापल्या हार्ड डिस्क उघडल्या. वसंतातल्या रात्री ही दीर्घिका सगळ्यांच्याच आवडीची, म्हणून शोधाच्या आदल्या रात्रींच्याही फ्रेम पुष्कळ निघाल्या. काहींत तो ठिपका मंदपणे उमटलेला होता, काहींत त्या जागी काहीच नव्हतं. या दोन प्रकारच्या फ्रेमच्या मधल्या फटीतून खगोलशास्त्रज्ञांनी स्फोटाचा पहिला प्रकाश पृथ्वीवर पोचल्याची वेळ ठरवली: 18 मे, जागतिक वेळेनुसार संध्याकाळी सहा-सातचा सुमार. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा-साडेबारा वाजत होते आणि मेसिए 101 पुण्याच्या उत्तर आकाशात चांगली पन्नास अंशांवर होती.

हौशी दुर्बिणीतून घेतलेल्या फोटोचं मोल त्याच्या देखणेपणावर मोजायची आपल्याला सवय आहे, आणि फार झालं तर कोणी काय पहिल्यांदा शोधलं यावर. माझ्या मते ते मोल वेळेच्या नोंदीसकट जपलेल्या मूळ फ्रेममध्ये आहे, आणि ज्यात काहीच सापडलं नाही अशी फ्रेमही यात आली. ‘अमुक वाजता इथे काही नव्हतं’ हे विधान विज्ञानाला ‘अमुक वाजता इथे काहीतरी होतं’ याइतकंच उपयोगी पडतं.

हे पटायला स्फोट कसा होतो ते थोडं पाहावं लागेल. मोठ्या ताऱ्याच्या गाभ्यातलं इंधन संपलं की तो गाभा एका सेकंदाच्या आत कोसळतो, पण बाहेरून तारा होता तसाच दिसत राहतो. कोसळण्यातून निघालेल्या धक्क्याच्या लाटेला पृष्ठभाग गाठायला काही तास, कधी जवळजवळ एक दिवस लागतो. ती बाहेर फुटते तेव्हाची पहिली चमक अगदी थोडा वेळ टिकते. शेवटच्या काही वर्षांत ताऱ्याने अंगावरून झटकलेला वायू आणि धूळ याच चमकेत उजळून निघतात, आणि नंतर उधळलेला मलबा त्यांना गिळून टाकतो. म्हणजे मरणापूर्वी त्या ताऱ्याचं काय चाललं होतं याचा पुरावा पहिल्या काही तासांत-दिवसांत मिळाला तर मिळाला. 2023 च्या या सुपरनोव्हाचा प्रकाश पहिल्या तासांत तांबूस होता आणि तो झपाट्याने निळा होत गेला. ताऱ्याभोवतीची धूळ त्या चमकेने नष्ट झाली, असा त्याचा अर्थ ‘नेचर’मधल्या शोधनिबंधात लावला आहे. त्या निबंधाचा आधार हौशींच्या फ्रेम होत्या.

रिकाम्या नोंदीचं याहून जुनं आणि माझ्या लेखी सर्वांत सुंदर उदाहरण 1987 चं आहे. 23 फेब्रुवारीला जागतिक वेळेनुसार सकाळी 7 वाजून 35 मिनिटांनी जपानमधल्या कामिओकांदे आणि अमेरिकेतल्या आयएमबी या यंत्रांत न्यूट्रिनो कणांची झुळूक नोंदली गेली. मोठ्या मॅजेलन मेघातल्या एका ताऱ्याचा गाभा कोसळला होता. न्यूझीलंडमधले हौशी निरीक्षक अल्बर्ट जोन्स यांनी सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास आकाशाचा नेमका तोच भाग दुर्बिणीतून पाहिला होता आणि त्यांना तिथे नवं काही दिसलं नव्हतं. साडेदहाच्या सुमारास ऑस्ट्रेलियात रॉबर्ट मॅकनॉट यांनी घेतलेल्या फोटोत मात्र सहाव्या प्रतीचा तारा आहे. न्यूट्रिनो निघाल्यापासून उजेड फुटेपर्यंत किती वेळ गेला याला या दोन नोंदींनी दोन्ही बाजूंनी कुंपण घातलं. फुटलेला तारा अवाढव्य तांबडा नसून तुलनेने आटोपशीर निळा होता, या निष्कर्षाशी ते तीन तास नीट जुळले. जोन्स यांनी कॅमेरा वापरलाच नव्हता. त्यांनी वेळ लिहिली होती, आणि काही दिसलं नाही हेही नोंदण्याची त्यांना सवय होती.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे. कॅलिफोर्नियातली झेडटीएफ ही यंत्रणा दोन-तीन रात्रींत अख्खं उत्तर आकाश टिपते, चिलीतल्या रूबिन वेधशाळेचा आरसा 8.4 मीटरचा आहे, मग घराच्या गच्चीवरच्या दुर्बिणीची गरज काय? शोधांच्या बाबतीत हा आक्षेप बराचसा खरा आहे. धूमकेतूंना पूर्वी हौशींची नावं सर्रास मिळत. आता बहुतेक धूमकेतू स्वयंचलित सर्वेक्षणांच्या नावाने ओळखले जातात. पण सर्वेक्षणांच्या मर्यादा त्यांच्या रचनेतच आहेत. रूबिनसारख्या प्रचंड दुर्बिणीत साधारण सोळाव्या प्रतीहून तेजस्वी तारा संपृक्त होतो, म्हणजे त्याचं तेज मोजताच येत नाही. आणि मेसिए 101 तर चिलीतून जेमतेम क्षितिजालगत येते. दोन रात्रींनी फिरून येणाऱ्या यंत्राला दोन तासांत घडणारं सापडेल याची खात्री नाही. सूर्याजवळचा आकाशाचा पट्टा ही यंत्रं बहुधा टाळतात. नेमक्या त्याच पट्ट्यात ऑगस्ट 2023 मध्ये हिदेओ निशिमुरा यांना कॅनन कॅमेरा आणि 200 मिलिमीटरची लेन्स एवढ्यावर पहाटेच्या आकाशात नवा धूमकेतू सापडला. 2019 मध्ये क्रिमियात गेन्नादी बोरिसोव्ह यांनी स्वतः बांधलेल्या 65 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून दुसऱ्या तारामंडळातून आलेला पहिला निर्विवाद धूमकेतू शोधला, तोही पहाटे, क्षितिजाजवळच. धूमकेतू अचानक भडकतात तेव्हाही हेच. ऑक्टोबर 2007 मध्ये होम्स धूमकेतू दोन दिवसांच्या आत सुमारे पाच लाख पट उजळला; असा भडका कधी सुरू झाला हे कळायला कोणीतरी त्या रात्री तिकडे दुर्बीण रोखलेली असावी लागते. पृथ्वी फिरत असल्यामुळे एका वेधशाळेची रात्र सकाळी संपतेच. जपान-चीन आणि युरोप यांच्यामधल्या तासांत आकाशावर नजर ठेवायची तर ती भारताच्या आसपासच्या रेखांशांवरूनच ठेवावी लागते. लडाखमध्ये हानले इथली 0.7 मीटरची ग्रोथ-इंडिया ही रोबोटिक दुर्बीण आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्था मिळून चालवतात ती याच कारणासाठी. पण तीही एका वेळी एकाच दिशेला पाहणार.

दुसरा आक्षेप शहरी उजेडाचा. मुंबई-पुण्याच्या आकाशात काय दिसणार? त्याला उत्तर अर्जेंटिनातल्या रोसारिओ या मोठ्या शहरातून मिळालं. तिथे व्हिक्टर बुसो हे कुलपं दुरुस्त करणारे गृहस्थ 20 सप्टेंबर 2016 च्या रात्री 40 सेंटिमीटरच्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासून पाहत होते. शहराच्या उजेडाने फ्रेम पांढरी पडू नये म्हणून त्यांनी प्रत्येकी वीस सेकंदांचीच एक्स्पोजर दिली. एनजीसी 613 या दीर्घिकेच्या पहिल्या काही फ्रेममध्ये काही नव्हतं. तासाभराने एक ठिपका उमटला आणि फ्रेमगणिक उजळत गेला. धक्क्याची लाट ताऱ्याबाहेर फुटताना सापडली होती. असं घडण्याची शक्यता एक कोटीत एक किंवा त्याहूनही कमी, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यात नशीब होतंच. पण पहिल्या रिकाम्या फ्रेम त्यांनी पुसल्या असत्या, तर त्या नशिबाचा उपयोग झाला नसता. आणि शहरी उजेडामुळे लागलेल्या छोट्या एक्स्पोजरमुळेच तेज मिनिटामिनिटाला कसं वाढलं ते मोजता आलं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: हौशींची सामग्री एकसारखी नसते. कोणाचा कॅमेरा रंगीत, कोणाच्या फिल्टरचा पत्ता नाही. हे खरं आहे, पण दुरुस्त करण्याजोगं आहे, कारण ज्यांचं तेज अचूक माहीत आहे असे तारे त्याच फ्रेममध्ये असतात आणि त्यांच्याशी तुलना करता येते. अट एकच, फ्रेम मूळ स्वरूपात हवी. तेज ताणून, दाणे घालवून, कृत्रिम बुद्धिमत्तेने ‘स्वच्छ’ केलेलं चित्र भिंतीवर छान दिसतं, मोजमापाला मात्र ते निरुपयोगी. अशी प्रणाली खरा मंद तारा पुसून टाकू शकते आणि नसलेला उभाही करू शकते. म्हणून चित्र हवं तसं सजवावं, पण प्रत्येक एक्स्पोजरची फिट्स फाइल (कॅमेऱ्याची कच्ची मोजमापं जपणारी), डार्क आणि फ्लॅट या कॅमेऱ्याचे दोष काढायच्या फ्रेमसह, वेगळी ठेवावी. आजकालच्या 50 मिलिमीटर भिंगाच्या स्वयंचलित छोट्या दुर्बिणीतही सुट्या फ्रेम साठवण्याचं सेटिंग असतं. ते सुरू करावं. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्यावं, आणि फाइलमधली वेळ भारतीय आहे की जागतिक हे एकदा तपासावं. साडेपाच तासांची चूक इथे सगळी नोंद वाया घालवते.

नवा ठिपका दिसलाच तर अर्ध्या तासाने दुसरी फ्रेम घ्यावी. लघुग्रह असेल तर सरकलेला दिसेल, सेन्सरचा बिघडलेला पिक्सेल असेल तर दुर्बीण किंचित हलवल्यावर ताऱ्यांच्या तुलनेत जागा बदलेल. दोन्ही नसेल आणि जुन्या फोटोंतही तो नसेल, तर आंतरराष्ट्रीय खगोल संघाच्या ट्रान्झियंट नेम सर्व्हरवर नोंद करावी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश मिळत नाही, ही अडचण मात्र कुठल्याही युक्तीने सुटत नाही. ते चार महिने साठलेल्या फ्रेम तारीखवार लावायला आणि वर्षभरात जाहीर झालेल्या सुपरनोव्हांच्या जागा त्यांत तपासायला उपयोगी पडतात.