किल्लारीचे इशारे, डहाणूचे धक्के

1993 च्या सप्टेंबरातली 30 तारीख. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. 6.2 तीव्रतेच्या त्या भूकंपात हजारो माणसं गेली. मागाहून जो तो म्हणू लागला, ‘हे होणारच होतं!’ आधीच्या वर्षी, 1992 मध्ये, तिथे जमीन गुरगुरत होती, ऑक्टोबरात तर मोठा धक्का बसला होता. इशारा याहून स्पष्ट कसा असणार?

आता पालघर जिल्ह्यात या. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू तालुक्यात धुंदलवाडीच्या आसपास छोटे छोटे असंख्य धक्के बसले. ऐन थंडीत लोकांनी तंबूत रात्री काढल्या. किल्लारीएवढा भूकंप मात्र तिथे झालेला नाही. म्हणून ते धक्के कुणी ‘इशारे’ म्हणून लक्षात ठेवत नाही. धक्का बसतो त्या दिवशी तो किल्लारीचा की डहाणूचा, हे ओळखण्याची खात्रीची पद्धत भूकंपशास्त्राकडे आजही नाही.

मग आपल्याला ते आधीच कळत होतं असं का वाटतं? बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाचा 1975 मधला प्रयोग इथे आठवतो. त्याने लोकांना इंग्रज-गुरखा युद्धाची हकीकत वाचायला दिली. कुणाला सांगितलं इंग्रज जिंकले, कुणाला गुरखे. ज्याला जो निकाल सांगितला, त्याला तोच जास्त संभवनीय वाटला. हकीकतीतले त्याला पूरक तपशीलच महत्त्वाचे वाटू लागले. ‘निकाल ठाऊक नाही असं समजून सांगा’ म्हटलं, तरी अंदाज त्याच बाजूला झुकला. मला तर यातली खरी गंमत ही वाटते, की आपलं मत बदललंय याचा त्यांना पत्ताही नव्हता.

भूकंप आधी ओळखता येत नसला, तरी एक गोष्ट नक्की कळते: किल्लारीत माणसं मेली ती मुख्यतः घरांखाली. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर माळवदाचा भार. भिंतीचे आतले-बाहेरचे थर एकमेकांत गुंतवलेले नव्हते; हादऱ्याने ते सुटे झाले आणि माळवद खाली आलं. हे कळायला भविष्य दिसावं लागत नाही. दगडी घर बांधत असाल, तर दोन्ही थर सांधणारे आरपार दगड आणि दारा-खिडक्यांवरून चारही भिंतींभोवती फिरणारी सळयांची सलग काँक्रीट पट्टी गवंड्याकडून आधी कबूल करून घ्या.