पेन्शनचे मेसेज आणि पावतीची ताकद

३० जानेवारी २०२३ रोजी नाशिक पदवीधर मतदारसंघात मतदान झालं, तेव्हा प्रचारात जुन्या पेन्शनचा मुद्दा गाजत होता. दीड महिन्याने, १४ मार्चला, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत नाशिकसह राज्यभरातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. २० मार्चला संप मिटला. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना अंशदायी योजना आणि आमदारांना मात्र तिजोरीतून ठरलेलं निवृत्तिवेतन, ही त्या संतापातली बोच होती आणि ती रास्तच होती. पण याच संतापावर स्वार होऊन आधी ईमेलवर आणि मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहिलेले मेसेज पाहिले, तर दिसतं की खोट्या आकड्यांनी सर्वाधिक नुकसान या खऱ्या तक्रारीचंच केलं.

त्यातला सर्वांत चिवट मेसेज संसदेच्या कॅन्टीनचा: एक रुपयात चहा, दीड रुपयात डाळ. मुळात तो निराधार नव्हता. पाच वर्षांत या उपाहारगृहावर सुमारे ६० कोटी ७० लाखांचं अनुदान खर्च झाल्याचं २०१५ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं. त्याचा लाभ खासदारांइतकाच तिथले कर्मचारी, सुरक्षारक्षक आणि पत्रकारही घेत होते, हे मेसेजमध्ये कधी नसायचं. १ जानेवारी २०१६ पासून १८ रुपयांची शाकाहारी थाळी ३० रुपयांना झाली, २०२१ मध्ये अनुदान पूर्ण बंद झालं आणि थाळी १०० रुपयांवर गेली. दरपत्रक बदललं ते कागदावरच्या, सही-शिक्क्याच्या आकड्यामुळे. एक रुपयाचा चहा मात्र त्यानंतरही मोबाइलमध्ये उकळतोच आहे.

दुसरा मेसेज ‘संसद सुधारणा कायदा २०१८’ नावाचा. खासदारांना पेन्शन नको, त्यांनी स्वतःची पगारवाढ स्वतः करू नये, आणि हा मजकूर वीस जणांना पाठवा म्हणजे तीन दिवसांत देशभर पोचेल. असा कोणताही कायदा संसदेपुढे नव्हता. अमेरिकेत त्याआधी अनेक वर्षं फिरलेल्या साखळी ईमेलची ती नक्कल होती. मूळ ईमेलमध्येही एका कार्यकाळानंतर पूर्ण पगाराएवढी पेन्शन मिळते असा दावा असे, आणि तो तिथेही खोटाच होता. आपल्याकडे याच्याच जोडीला ‘खासदारांचा पगार करमुक्त’ हे वाक्य येतं. प्रत्यक्षात वेतनावर आयकर लागतो. करमाफी आहे ती दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता यांसारख्या रकमांना.

आता जे खरं आहे ते पाहा. खासदाराला वेतन १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या वाढीनुसार दरमहा १,२४,००० रुपये, माजी खासदाराला किमान ३१,००० रुपये पेन्शन, आणि तिच्यासाठी किमान कार्यकाळाची अट नाही. महाराष्ट्रात माजी आमदाराची पेन्शन २०१६ मध्ये ४० हजारांवरून ५० हजार झाली. पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षाला दोन हजार जादा, म्हणजे वीस वर्षं आमदार राहिलेल्याला ८० हजार. जो पुढे खासदारही झाला, त्याला दोन्हीकडची. ऑगस्ट २०१६ मध्ये ही वाढ विधिमंडळाने चर्चेविना मंजूर केली. मार्च २०१८ मध्ये खासदारांची वाढ ज्या वित्त विधेयकात होती, तेही लोकसभेत गोंधळात चर्चेविनाच संमत झालं. इतकं ढळढळीत हाताशी असताना कपोलकल्पित कायद्याची गरज कुणाला पडावी?

यावर म्हटलं जातं की आकडा इकडेतिकडे झाला तरी भावना खरी आहे, आणि असल्या मेसेजची चिरफाड करणं म्हणजे पुढाऱ्यांचं वकीलपत्र घेणं. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. ‘हा दावा खोटा’ एवढा शिक्का मारून थांबणारी पडताळणी नेत्यांना आयती सुटका देते. खोटं खोडल्यावर खरं किती, हेही तिथेच सांगायला हवं. पहिला आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही. चुकीचा आकडा हाती आला की उत्तर देणारा त्या चुकीवरच बोलतो आणि चर्चेविना मंजुरीचा प्रश्न बाजूला राहतो. न्यायालयाकडूनही फार अपेक्षा ठेवता येत नाही, कारण खासदारांच्या पेन्शनला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये फेटाळलं. म्हणजे लढाई लोकमताचीच आहे, आणि तिथे भक्कम कागदच कामी येतो. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाच्या पावत्या एका वृत्तपत्राने छापल्या. पावत्या खऱ्या असल्याने त्या नाकारण्याची सोय कुणालाच नव्हती. काही खासदार तुरुंगात गेले, आणि खासदारांचं वेतन ठरवण्याचा अधिकार आज संसदेऐवजी एका स्वतंत्र प्राधिकरणाकडे आहे. पंजाबने २०२२ मध्ये ‘एक आमदार, एक पेन्शन’ हा कायदा केला. महाराष्ट्रात वेतनासाठी स्वतंत्र प्राधिकरण आणि एकच पेन्शन या दोन्ही मागण्यांना धरून प्रत्येक उमेदवाराकडून मतदानाआधी लेखी उत्तर घेता येईल, आणि त्यासाठी वर दिलेले आकडे पुरेसे आहेत.