संकेतस्थळाचा जागामालक बदलतो तेव्हा…

व्यवसायाच्या दारावरील पाटी, त्यामागील जागा आणि दारातील टपालपेटी या तिन्ही गोष्टी आज संगणकाच्या पडद्यावरही आल्या आहेत. संकेतस्थळाचे नाव ही पाटी होय. संकेतस्थळाची पाने ज्या संगणकावर ठेवलेली असतात ती भाड्याची जागा, अर्थात होस्टिंग. आणि त्याच नावाचा ई-मेल पत्ता ही टपालपेटी. अनेक लहान व्यावसायिक या तिन्ही सेवा एकाच कंपनीकडून, एकाच बिलात घेतात. ही सोय असते. परंतु ती कंपनी अडचणीत आली किंवा तिचे हस्तांतर झाले, की तिन्ही सेवा एकाच वेळी डळमळू लागतात. ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ या म्हणीचा प्रत्यय अशा वेळी येतो.

राजधानीतील एक प्रकरण

दिल्ली व नोएडा परिसरातून कारभार चालविणारी नेट फोर इंडिया ही कंपनी संकेतस्थळांच्या नावांची नोंदणी, होस्टिंग व ई-मेल अशा सेवा पुरवीत असे. देशातील या व्यवसायातील जुन्या नावांपैकी ते एक होते. या कंपनीने घेतलेले बँक कर्ज थकले आणि ते पुढे एडलवाइज मालमत्ता पुनर्रचना कंपनीकडे हस्तांतरित झाले. तिच्या अर्जावरून मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या दिल्ली येथील पीठाने नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ अन्वये कंपनीविरुद्ध कार्यवाही सुरू केली.

या कार्यवाहीचा ग्राहकांना आरंभी फारसा उपद्रव जाणवला नाही. पुढे मात्र तक्रारींचा ओघ सुरू झाला. नावाच्या नूतनीकरणाचे पैसे भरूनही मुदत वाढत नसे. दुसऱ्या कंपनीकडे जाऊ इच्छिणाऱ्यांना त्यासाठी आवश्यक असलेला संकेतांक मिळत नसे. दूरध्वनी व ई-मेल यांना उत्तर येत नसे. मुदत संपलेल्या नावांची संकेतस्थळे बंद पडली आणि त्यांबरोबर ई-मेलही थांबले.

जगभरातील संकेतनामांच्या व्यवस्थेवर देखरेख ठेवणारी ‘आयकॅन’ ही संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली. नोंदणी कंपन्यांना ती करारान्वये मान्यता देते. ग्राहकांच्या तक्रारींवरून तिने डिसेंबर २०२० मध्ये नेट फोर इंडियाला करारभंगाची नोटीस दिली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्यता काढून घेण्याचा निर्णय कळविला. हे प्रकरण न्यायाधिकरणासमोरही आले. अखेर २०२१ मध्येच ‘डॉट कॉम’सारखी हजारो नावे एकगठ्ठा पब्लिक डोमेन रजिस्ट्री या कंपनीकडे वर्ग करण्यात आली.

दोन हितांचा पेच

बँक कर्मचाऱ्यांना या प्रकरणातील पेच सहज उमगेल. नादारी संहितेचा हेतू असा की, शक्यतो कंपनी चालू राहावी, तिचे मूल्य टिकावे आणि धनकोंची रक्कम वसूल व्हावी. म्हणूनच कार्यवाहीच्या काळात कंपनीविरुद्धच्या दाव्यांना व वसुलीला स्थगिती असते. नोंदणी कंपनीच्या बाबतीत तिचे ग्राहक हीच तिची मोठी मालमत्ता असते. ग्राहकांना मात्र लवकरात लवकर बाहेर पडावयाचे असते, कारण त्यांचा व्यवसाय एक दिवसही थांबू शकत नाही. एकाच्या दृष्टीने जे मूल्य टिकविणे ठरते, तेच दुसऱ्याच्या दृष्टीने अडकून पडणे ठरते. आगाऊ शुल्क भरलेल्या ग्राहकाला आपला दावा विहित मुदतीत निराकरण व्यावसायिकाकडे दाखल करता येतो. तथापि रकमेच्या वाटपात तारणधारक धनकोंचा क्रम त्याच्या आधी लागतो.

पाटी हलली, सामान राहिले

नावे वर्ग झाली म्हणजे सारे सुरळीत झाले, असा अनेकांचा समज होतो. तो बरोबर नाही. एकगठ्ठा हस्तांतरात केवळ नावाची नोंद नव्या कंपनीकडे जाते. संकेतस्थळाची पाने, छायाचित्रे, ग्राहकांच्या याद्या व जुने ई-मेल हे सारे पूर्वीच्याच संगणकावर राहते. त्यांची प्रत स्वतःजवळ नसेल तर ते परत मिळविणे दुरापास्त होते.

दुसरी अडचण ओळख पटविण्याची. नोंदणी ज्या व्यक्तीच्या नावे व ज्या ई-मेल पत्त्यावर असेल, तिलाच नवी कंपनी मालक मानते. संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याने नोंदणी स्वतःच्या नावे केली असल्यास दुकानदार आपल्याच पाटीचा मालक ठरत नाही. तसेच नोंदवलेला ई-मेल त्याच बंद पडलेल्या नावावर असल्यास संकेतांक येणार तरी कोठे?

२००७ मध्ये अमेरिकेतील रजिस्टरफ्लाय ही कंपनी अशीच कोलमडली व तिच्याकडील नावे गोडॅडी या कंपनीकडे सोपविण्यात आली. त्यानंतर ग्राहकांच्या नोंदींची प्रत त्रयस्थ संस्थेकडे ठेवण्याची व्यवस्था दृढ करण्यात आली. मात्र त्या नोंदीत जे नाव असेल तेच पुढे जाते, हे लक्षात ठेवावे.

प्रत्येक हस्तांतर संकटातूनच होते असेही नाही. वर उल्लेखिलेली पब्लिक डोमेन रजिस्ट्री मूळची मुंबईच्या डायरेक्टी समूहाची. २०१४ मध्ये ती अमेरिकेच्या एंड्युरन्स समूहाने घेतली आणि २०२१ मध्ये त्यातून न्यूफोल्ड डिजिटल हा नवा समूह उभा राहिला. अशा व्यवहारात सेवा चालू राहते. परंतु बिलावरील नाव, दर वा भरणा करण्याची पद्धत बदलू शकते. कार्डावरून आपोआप होणाऱ्या भरण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, तेव्हाही अनेकांची नूतनीकरणे अडली होती. रक्कम वजा होण्याच्या किमान २४ तास आधी येणारी सूचना वाचण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

बँक खात्याशी असलेला संबंध

मुदत संपलेले ‘डॉट कॉम’ नाव लगेच नाहीसे होत नाही. कंपनीच्या सवलतीचा काळ संपल्यावर जादा शुल्क भरून ते सोडविण्यासाठी ३० दिवस मिळतात. त्यानंतर मात्र ते कोणालाही घेता येते. घेणारा त्या नावाचे ई-मेल पत्ते पुन्हा निर्माण करू शकतो. तोच पत्ता खात्यास जोडलेला असेल, तर खातेउतारे, सूचना आणि पासवर्ड बदलण्याचे दुवे एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या हाती पडू लागतात. संकेतस्थळ बंद पडल्याने होणारे नुकसान डोळ्यांना दिसते. हे नुकसान दिसत नाही.

नावाचे हे महत्त्व ओळखूनच रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली नेण्यास सांगितले. त्याची नोंदणी हैदराबाद येथील आयडीआरबीटी या एकाच संस्थेमार्फत होते.

ग्राहकांनी काय करावे?

• नावाची नोंदणी स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावे आहे, याची खात्री करून घ्यावी.
• नोंदणीसाठी वेगळ्या सेवेवरील ई-मेल पत्ता द्यावा.
• नाव एका कंपनीकडे व होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडे ठेवावे.
• संकेतस्थळाची व ई-मेलची प्रत दरमहा स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावी.
• भरणा केल्यावर केवळ पावतीवर विसंबू नये. नोंदीतील मुदतीची नवी तारीख तपासावी.
• कंपनीच्या सेवेत दिरंगाई दिसताच, मुदत शिल्लक असतानाच, नाव अन्यत्र हलवावे. ‘डॉट इन’ नावाबाबत कंपनी दाद देत नसल्यास दिल्लीस्थित ‘निक्सी’ या संस्थेकडे तक्रार करावी.
• ई-मेल पत्ता बंद पडल्यास किंवा बदलल्यास त्याच दिवशी शाखेस कळवावे.

यांतील शेवटची सूचना सर्वांत सोपी आहे. शाखेत एक अर्ज आणि पाच मिनिटे, एवढेच त्यासाठी लागते. पाटी पुन्हा रंगविता येते, जागाही दुसरी मिळते; परंतु आपली टपालपेटी परक्याच्या हाती पडू न देणे हे मात्र वेळेवरच करावे लागते.