दिल्ली ते सॅनफ्रान्सिस्को : लांबची वाट, लवकरचा मुक्काम

पृथ्वीगोलावर दिल्ली आणि सॅनफ्रान्सिस्को या दोन नगरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो अटलांटिक महासागराकडे वळत नाही व पॅसिफिकच्या मध्यातूनही जात नाही. सायबेरिया ओलांडून तो आर्क्टिक सागरापर्यंत चढतो. सपाट नकाशाला सरावलेल्या डोळ्यांना याचे नवल वाटते. परंतु सर्वांत जवळचा मार्ग हाच असून त्याची लांबी सुमारे १२,४०० किलोमीटर भरते. पृथ्वीचा मध्य हाच ज्याचा मध्य, अशा वर्तुळाचा तो एक भाग होय. अशा वर्तुळास बृहद्वृत्त म्हणतात.

विमाने मात्र सर्वस्वी दोऱ्याच्या आज्ञेत राहत नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये एअर इंडियाने या दोन नगरांमध्ये विनाथांबा विमानसेवा सुरू केली. प्रारंभी विमान पश्चिमेस निघून अटलांटिकवरून जाई. ही वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्याच प्रवासासाठी पूर्वेची, पॅसिफिकवरील वाट धरण्यात आली. ती सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० किलोमीटर अधिक लांब होती. असे असूनही विमान साडेचौदा तासांत, म्हणजे जवळच्या वाटेपेक्षा सुमारे दोन तास आधी पोहोचले.

पृथ्वी फिरत असल्यामुळे असे घडते, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही, कारण पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरत असते. खरे कारण वाऱ्यात आहे. उष्ण प्रदेशातील ऊबदार हवा व ध्रुवाकडील थंड हवा यांमुळे उंचावर वायुभारात मोठा फरक पडतो. हवा ध्रुवाकडे वाहू लागते, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे ती पूर्वेकडे वळते. परिवलनाचा खरा वाटा तो एवढाच. यातून सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा जो वेगवान वारा निर्माण होतो, तोच जेट प्रवाह. हिवाळ्यात त्याचा वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरांहूनही अधिक होतो.

साधा भागाकार केला तरी त्याचे साहाय्य ध्यानी येते. १५,३०० किलोमीटर साडेचौदा तासांत, म्हणजे ताशी सरासरी १,०५५ किलोमीटर. मोठ्या प्रवासी विमानाचा हवेतील वेग ताशी सुमारे ९०० असतो; वरचे दीडशे वाऱ्याचे.

या वाऱ्याचा शोध जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून लावला. १९२६ साली त्यांनी आपली निरीक्षणे एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केली. सर्व जगास कळावे हा हेतू. पण ती भाषा जाणणारे थोडेच! पुढे १९४४ मध्ये जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकन बाँबफेकी विमानांना या वाऱ्याचा प्रचंड जोर अनुभवास आला.

परतीच्या वाटेवर हाच प्रवाह वैरी ठरतो. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी वाऱ्याचे ताजे अंदाज पाहून मार्ग आखतात, आणि पश्चिमेस जाणारे विमान शक्य तेवढे त्याला टाळून नेतात.